ॲनिमेशनपट चालतात ते कशावर? जुन्या नावावर की चित्रपटावर?

गोष्टवेल्हाळ

२०२४ सालची जगभरातल्या कमाईची यादी काढून बघा. पहिल्या चारांत तीन ॲनिमेशनपट आहेत. 'इनसाइड आउट २' पहिला, 'मोआना २' तिसरा, 'डेस्पिकेबल मी ४' चौथा. २०२५च्या जानेवारीअखेर चीनमध्ये 'नेझा २' लागला आणि २०० कोटी डॉलरच्या पुढे जाणारा जगातला पहिला ॲनिमेशनपट ठरला. एवढं होऊनही गप्पांत तेच एक वाक्य ऐकू येतं: "काय करणार, पोरांसाठी जावं लागतं." हे वाक्य मला खरंच लागतं, म्हणून हा धागा.

भाचीला घेऊन मी 'इनसाइड आउट २' पाहिला. ती तेव्हा आठ वर्षांची होती. या चित्रपटात माणसाच्या डोक्यातल्या भावना हीच पात्रं असतात. शेवटाकडे नायिका रायली हॉकीचा सामना खेळताना पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसते आणि तिचा श्वास अडकायला लागतो. तिच्या डोक्यात 'चिंता' ही नारिंगी भावना मनाच्या नियंत्रण-फलकाभोवती इतक्या वेगाने गरगरते की ती दिसेनाशीच होते, नुसती वावटळ उरते. तोवर थिएटरात पोरांची चुळबुळ, कागदांची सळसळ, कुणाचं तरी "मला बाथरूमला जायचंय" चालू होतं. त्या मिनिटभरात सगळं थांबलं. भाचीने माझं मनगट धरलं आणि अगदी हळू विचारलं, "मावशी, तुला पण असं होतं?" मी हो म्हणाले. इतकी वर्षं मी हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढच्या रांगेत एक बाई डोळे पुसत होत्या आणि त्यांच्याबरोबर लहान मूल नव्हतंच.

त्या चित्रपटाने अमेरिका-कॅनडात पहिल्या तीन दिवसांत १५.४ कोटी डॉलर कमावले आणि शेवटी आकडा ६५ कोटींवर गेला. म्हणजे चौपटीहून जास्त. पहिले तीन दिवस लोक नाव बघून येतात, हे मान्य. नंतरची गर्दी कुणी आणली? जे बघून आले त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं म्हणून ती आली. माझं म्हणणं एवढंच आहे की हे चित्रपट चालतात ते आतून चांगले असतात म्हणून. लहान मूल कंटाळलं की लपवत नाही, आणि आजी कंटाळली तर ती पुन्हा येत नाही. दोघांनाही धरून ठेवणं हे फार मोठं काम आहे, त्याला त्याचा मान मिळायला हवा.

उलटतपासणी

अनुभव मनाला भिडला, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही.

तुम्ही मोजलेले चारही चित्रपट पुढचे भाग आहेत, चारांपैकी चार. आता 'इनसाइड आउट २' बनवणाऱ्या पिक्सार स्टुडिओचाच 'एलियो' घ्या, २०२५चा. नवी गोष्ट, नवं पात्र. अमेरिका-कॅनडात पहिल्या वीकेंडला जेमतेम २.१ कोटी डॉलर, त्या स्टुडिओच्या इतिहासातली सर्वांत कमी सुरुवात. स्टुडिओ तोच, तंत्र तेच. मग प्रेक्षकांचं ते प्रेम कुठे गेलं?

माझ्या मते हे प्रेम नाहीच, ही खात्री आहे. एकट्याने सिनेमाला जायचं तर माणूस पदरमोड करून काहीतरी वेगळं बघतो. फसला तर एक संध्याकाळ गेली. घरातल्या चौघा-पाचांना घेऊन जायचं म्हटलं की हिशोब बदलतो. तिकिटं चार, वेळ अर्धा दिवस, त्यात धाकटं घाबरलं तर उठून बाहेर यायचं. अशा वेळी आईबाप ओळखीचं नाव निवडतात, कारण त्यात काय असेल हे आधीच ठाऊक असतं. यात त्यांची चूक काहीच नाही. पण याला आवड म्हणू नका. कमाईचा आकडा आवड मोजत नाही, धोका टाळणं मोजतो. मला हे सांगताना वाईट वाटतं, कारण मला स्वतःला नव्या गोष्टी हव्या आहेत आणि त्या येणं कमी होत चाललंय.

गोष्टवेल्हाळ

@उलटतपासणी, ओळखीचं नाव एवढं पुरत असतं तर 'लाइटइयर' आपटला नसता. 'टॉय स्टोरी'तला बझ लाइटइयर १९९५पासून घराघरात आहे, याहून ओळखीचं पात्र कुठून आणायचं? अमेरिका-कॅनडात पहिल्या तीन दिवसांत ५ कोटी आले आणि सगळे मिळून १२ कोटीही झाले नाहीत. अडीचपटसुद्धा नाही. लोक नावावर आले, बघितलं, आणि घरी जाऊन कुणाला काही सांगितलं नाही.

याच्या बरोबर उलट 'एलिमेंटल', २०२३चा. पूर्णपणे नवी गोष्ट. सुरुवात ३ कोटींच्याही आत. दुसऱ्याच दिवशी चित्रपट पडला म्हणून छापून आलं. पण तो हटला नाही. दर आठवड्याला थोडा थोडा चालत राहिला आणि सुरुवातीच्या पाचपट झाला. जगभरात जवळजवळ ५० कोटी. दक्षिण कोरियात तर ७० लाखांहून जास्त तिकिटं गेली. दिग्दर्शक पीटर सोन यांचे आईवडील कोरियातून अमेरिकेला गेलेले, न्यू यॉर्कमध्ये त्यांचं किराणा दुकान होतं. तेच दुकान, तोच बाप, तीच "आईबापांनी एवढं सोसलं, मी आता माझ्या मनासारखं कसं जगू" ही घालमेल चित्रपटात आहे. आगीची मुलगी आणि पाण्याचा मुलगा हे वरचं आवरण. कोरियातल्या प्रेक्षकांनी आवरणाच्या आतलं ओळखलं.

तेव्हा एकूण बेरीज बघू नका, पहिल्या वीकेंडच्या किती पट झालं ते बघा. खरा कौल तिथे दिसतो.

चोवीस_फ्रेम

मी या धंद्यात बारा वर्षं आहे, लायटिंग करतो. दोघांचंही वाचलं, मला एक तिसरी गोष्ट सांगायची आहे.

'पडला' आणि 'चालला' हे शब्द प्रेक्षक ठरवत नाही, खर्च ठरवतो. 'एलिमेंटल'चा खर्च २० कोटी डॉलरच्या घरात होता. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा थिएटरकडे जातो, वर जाहिरातीचा खर्च वेगळा. म्हणून ५० कोटी कमावूनही तो काठावर राहतो. 'द वाइल्ड रोबोट'ने ३३ कोटी कमावले, म्हणजे बरेच कमी, पण त्याचा खर्च ८ कोटींच्या आत होता. तो यशस्वी ठरला. प्रेक्षकांचं प्रेम कमी-जास्त नव्हतं हो. ताळेबंद वेगळा होता.

हा खर्च कुठे जातो ते सांगतो. पावसात भिजलेलं कुत्र्याचं पिल्लू दाराशी बसलंय, आतून दिव्याचा उजेड त्याच्या अंगावर पडतो, असा दोन सेकंदांचा एक शॉट माझ्याकडे होता. दोन सेकंद म्हणजे ४८ फ्रेम. त्यावर माझे तीन आठवडे गेले. ओल्या केसांतून उजेड कसा फुटतो, नाकावरचा थेंब किती चमकला पाहिजे, जमिनीवरच्या पाण्यात दाराचं प्रतिबिंब किती हललं पाहिजे. थेंब जास्त चमकला तर ते पिल्लू गोंडस दिसायचं, आणि आम्हाला ते एकटं दिसायला हवं होतं. चित्रपट लागला तेव्हा मी मुद्दाम थिएटरात जाऊन बसलो. त्या शॉटला पलीकडच्या खुर्चीतली चिमुरडी म्हणाली, "त्याला आत घ्या ना." त्या चित्रपटाची कमाई मला आज आठवत नाही, ते वाक्य आठवतं.

आणि एक. प्रचंड कमाईचा फायदा काम करणाऱ्यांना होतोच असंही नाही. 'इनसाइड आउट २' लागण्याच्या महिनाभर आधी, मे २०२४मध्ये, पिक्सारने सुमारे १७५ लोक कमी केले, म्हणजे जवळजवळ १४ टक्के. विक्रमाच्या बातम्या वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ते लोक येत होते.

माजघर

थिएटरचे आकडे धरून सगळे बोलताय, पण मुलं चित्रपट बघतात कुठे? घरी. पुन्हा पुन्हा. 'एनकांटो' नोव्हेंबर २०२१मध्ये लागला, थिएटरात बेताचाच चालला. महिन्याभरात तो ओटीटीवर आला आणि मग त्यातलं एक गाणं बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पहिला 'मोआना' २०१६चा. सात वर्षांनी, २०२३मध्ये, अमेरिकेत ओटीटीवर सर्वांत जास्त पाहिला गेलेला चित्रपट तोच होता. 'मोआना २' आधी मालिका म्हणून बनत होता, नंतर त्याचा चित्रपट केला आणि १०० कोटी डॉलरच्या वर गेला. ज्या मुलांनी पहिला भाग घरात पाठ केला होता, तीच मुलं दुसऱ्याला थिएटरात आली.

म्हणजे उलटतपासणी ज्याला 'खात्री' म्हणतात ती आभाळातून पडलेली नाही. कुणीतरी एक चित्रपट शंभर वेळा लावला, संवाद म्हटले, आजारपणात उशाशी तोच चालू ठेवला. याला आवड नाही तर काय म्हणायचं?

उलटतपासणी

@माजघर, हा मुद्दा बिनतोड आहे. खात्रीच्या मुळाशी आवडच असते, हे मी धरलंच नव्हतं. 'लाइटइयर'चंही मान्य, नुसतं नाव पुरत नाही.

पण याच वाटेने पुढे चला. पाठ व्हायला वेळ लागतो आणि पाठ होण्याआधी कुणीतरी पहिल्यांदा बघावं लागतं. २०२० ते २०२२ मध्ये पिक्सारचे 'सोल', 'लुका' आणि 'टर्निंग रेड' बहुतेक ठिकाणी थेट घरच्या पडद्यावर आले. तिन्ही नव्या गोष्टी. त्या काळात घरोघरी एक सवय लागली, की नवीन असेल ते घरी बघू, थोडं थांबू. जुनं, ओळखीचं असेल त्यालाच थिएटरात जाऊ. 'एलियो'ला हीच सवय भोवली असं मला वाटतं. प्रेक्षक वाईट नाहीत. त्यांना शिकवलंच तसं गेलं.

रानपाखरू

सगळी चर्चा दोन-चार मोठ्या स्टुडिओंभोवती फिरतेय. 'फ्लो' कुणी पाहिला का? लाटव्हियाचे गिंट्स झिल्बालोडिस यांचा, २०२४चा. एक मांजर, सगळीकडे चढत जाणारं पाणी, एक होडी आणि होडीत जमलेले प्राणी. अख्ख्या चित्रपटात एक शब्द नाही. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला, खर्च ३५ लाख युरोच्या आसपास. लाटव्हियाच्या थिएटरांत आजवर सर्वांत जास्त पाहिला गेलेला चित्रपट तो ठरला, आणि २०२५मध्ये ॲनिमेशनपटाचं ऑस्करही त्यालाच मिळालं. जगभरची कमाई खर्चाच्या नऊपटीहून जास्त.

माझा पाच वर्षांचा मुलगा तो पूर्ण वेळ गप्प बसून बघत होता. संवाद नाहीत म्हणून मला सारखं "काय म्हणाला?" विचारत नव्हता. पाणी मांजराच्या कानाशी पोचलं तेव्हा त्याने स्वतःचे पाय खुर्चीवर वर घेतले.

उलटतपासणी

'फ्लो' सुंदरच आहे, मीही पाहिला. पण त्याला ऑस्करची साथ मिळाली, ते सगळ्यांच्या नशिबी नाही. १९९९च्या 'द आयर्न जायंट'चं काय झालं आठवा. आज लोक त्याचं नाव काढून हळवे होतात, तेव्हा मात्र खर्चही निघाला नाही. नंतरच्या प्रेमाने त्या वर्षीचा तोटा भरला नाही.

गोष्टवेल्हाळ

@उलटतपासणी, 'आयर्न जायंट'चं उदाहरण मला टोचलं, कारण माझ्या पटीच्या हिशोबात तो बसतच नाही. चांगला होता, तरी नंतरची गर्दी आली नाही. तेव्हा आतून चांगला असला की चालतोच, हे माझं पहिलं म्हणणं मी मागे घेते. चांगल्या चित्रपटाला टिकायला आठवडे मिळाले तर तो चालतो, असं म्हणते. 'एलिमेंटल'ला ते मिळाले. पहिल्या सोमवारीच त्याचे शो निम्मे केले असते तर आज आपण त्याचं नावही घेतलं नसतं.

म्हणून माझ्यापुरतं मी ठरवलंय की नवी गोष्ट असलेला ॲनिमेशनपट आला की पहिल्या तीन दिवसांतच जायचं, ओटीटीची वाट बघायची नाही.

उलटतपासणी

ठरवा जरूर, मीही प्रयत्न करेन. पण हे ओझं आईबापांच्या खांद्यावर टाकू नका. धोका उचलायची ऐपत स्टुडिओची आहे. त्यांनी खर्च आटोक्यात ठेवावा, चोवीस_फ्रेम यांनी सांगितला तसा, आणि ओटीटीवर आणायची घाई करू नये. दोन महिने थिएटरात राहू दे. मग धाकटीला घेऊन मी पाचव्या आठवड्यात गेलो तरी तो तिथे असेल.

चोवीस_फ्रेम

पाचव्या आठवड्यात गेलात तर शेवटची नावं संपेपर्यंत बसा. लायटिंगवाले बरेच खाली असतात, मुलांना वाचून दाखवा.