मदत हवी आहे: लो बँड व्हीएचएफवर चालणारा वॉकी-टॉकी कोणता घ्यावा?

डोंगरकडा
लो बँडवर, म्हणजे व्हीएचएफच्या खालच्या पट्टीत, चालणारा हँडसेट हवाय. जिथे विचारावं तिथे ‘व्हीएचएफ’ म्हणून १३६ ते १७४ मेगाहर्ट्झचेच सेट पुढे करतात, ते नकोत. आमच्या गाड्यांमध्ये बसवलेले सेट आहेत, त्यांच्याशी बोलता आलं पाहिजे. बॅटरी दिवसभर टिकावी, पाण्याचा त्रास होऊ नये. मॉडेलचं नाव सांगा, या आठवड्यात ठरवायचंय.

भटक्या_७३
फ्रिक्वेन्सी कोणती? अमेरिकेत लो बँड म्हणजे साधारण ३० ते ५० मेगाहर्ट्झ. युरोपात ६६ ते ८८ लाही लो बँडच म्हणतात. एकाचा सेट दुसऱ्यावर चालत नाही.

हिरवळ
एवढा विचार कशाला? बाओफेंग यूव्ही-५आर घ्या. वर्षानुवर्षं वापरतोय, दणकट आहे. ६५ मेगाहर्ट्झपासून पुढचं सगळं ऐकू येतं त्यावर.

सोल्डरगन
हिरवळ, ६५ ते १०८ हा त्यातला एफएम रेडिओ आहे, गाणी ऐकायचा. त्या पट्टीत तो सेट बोलत नाही, फक्त ऐकतो, आणि तेही ब्रॉडकास्टचं रुंद एफएम. बोलण्यासाठी १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० एवढंच. प्रश्नकर्त्याने पहिल्याच ओळीत तो नको म्हटलंय.

डोंगरकडा
अहो, गाड्यांमधले सेट लो बँडचे आहेत म्हणून तर लो बँड लिहिलं. ३७ च्या आसपास आहे. आता मॉडेल सांगा.

भटक्या_७३
‘आसपास’वर सेट घेता येत नाही. नेमका आकडा, टोन (बोलण्यासोबत जाणारा, आपल्याच गटाचा सेट उघडणारा खुणेचा स्वर) आहे का, परवान्यात हँडसेट धरलेत का, आणि मुख्य म्हणजे माणूस गाडीशी बोलणार की माणूस माणसाशी? जमीन कशी आहे?

डोंगरकडा
३७.५४. टोन आहे, कोणता ते बघून सांगतो. परवाना संस्थेच्या नावावर आहे, हँडसेट त्यात घालून घेतलेत. आम्ही वणवा विझवायला जातो. गाडी रस्त्यावर राहते, माणसं झाडीत उतरतात, मधे डोंगराची एखादी सोंड आडवी येते. बोलणं मुख्यतः गाडीशी, पण दोन तुकड्यांचं आपसातही व्हायला हवं. माणसं आगीजवळ असतात, त्यामुळे ‘बहुतेक लागेल’ असा सेट मला चालणार नाही.

निवांत
मोबाईलवर पुश-टू-टॉकची ॲप्स असतात. आमचा सायकलचा गट तेच वापरतो, आवाज एकदम स्वच्छ.

डोंगरकडा
तिथे मोबाईलला नेटवर्क नाही.

रेडिओकाका
वणव्याचं आधी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. आता नीट सांगतो.

या पट्टीत नवे हँडसेट फारसे मिळत नाहीत, वापरलेलेच शोधावे लागतात. मोटोरोला एचटी१२५० ची लो बँड आवृत्ती किंवा केनवुड टीके-१९०. एचटी१२५० लो बँडमध्ये दोन प्रकारांत आला, २९.७ ते ४२ आणि ३५ ते ५०. तुमची ३७.५४ दोन्हींत बसते. पण बाजारात फिरणारे बहुतेक एचटी१२५० हे १३६ ते १७४ चे किंवा यूएचएफचे (त्याहून वरच्या पट्टीचे) असतात, आणि बाहेरून सगळे सारखे दिसतात. मागच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक वाचल्याशिवाय घेऊ नका. पट्टी हार्डवेअरमध्येच ठरलेली असते, प्रोग्रामिंगने बदलत नाही.

बॅटरी नवीनच घ्या. ‘दिवसभर’ हा दावा ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के नुसतं चालू, या हिशेबावर असतो. वणव्यावर बोलणं त्याहून जास्त होतं, म्हणून प्रत्येक सेटमागे एक जादा बॅटरी. जुन्या सेटचे रबरी सील कडक झालेले असतात, तेव्हा पाण्याच्या बाबतीत छापील दाव्यावर विसंबू नका.

तरंगलांबी
काका, मॉडेलच्या आधी अँटेनाचं बोला. ३७.५४ ला पूर्ण तरंग ८ मीटरचा, पाव तरंग २ मीटरचा. हँडसेटवर येते वीतभर गुंडाळलेली रबरी अँटेना. तिच्यात १० डेसिबल गेले असं धरलं तर ५ वॉटचा अर्धा वॉट उरतो. समोरही हँडसेट असेल तर त्याच्याकडे आणखी १०, म्हणजे मिळून शंभर पट फटका. गाडीवर पूर्ण लांबीची व्हिप, म्हणजे लवचिक काठीसारखी अँटेना, असते, तिथे हा फटका एकदाच बसतो. म्हणून गाडी ते माणूस जमेल, माणूस ते माणूस सोंडेपलीकडे जमेलच असं नाही. माझं स्पष्ट मत, हँडसेटसाठी १५० मेगाहर्ट्झच्या पट्टीत जा. पाव तरंग अर्ध्या मीटरचा होतो.

रेडिओकाका
आणि सोंडेमागे काय करणार? लांब तरंग कड्यावरून वाकून खाली उतरतो, दाट पानोळ्यातही कमी शोषला जातो. गाड्यांमध्ये लो बँड आहे तो याच कारणाने.

तरंगलांबी
वाकतो, मान्य. पण अँटेनाच वॉट खात असेल तर वाकायला उरतं काय? शिवाय गाडीच्या इंजिनाचा आणि चार्जरचा गोंगाट या पट्टीत जास्त असतो, तो वेगळाच.

रानपाखरू
सैन्यातला पीआरसी-७७ बघा! ३० ते ७५.९५ मेगाहर्ट्झ, पाठीवर घ्यायचा, लांब अँटेना लागते. लो बँडवर पायी चालणाऱ्याने वापरावा असा सेट तोच. व्हिएतनाम युद्धात वापरलेला आहे.

सोल्डरगन
सेट उत्तम, पण इथे बसणार नाही. तो ५० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी चालतो, म्हणजे ३७.५० किंवा ३७.५५. ३७.५४ लागतच नाही.

हिरवळ
मग याएसूचा व्हीएक्स-७आर? त्यात ५० मेगाहर्ट्झला बोलता येतं.

भटक्या_७३
ती ५० ते ५४ ची, छंद म्हणून रेडिओ चालवणाऱ्यांची हौशी पट्टी. ३७ ला उपयोग शून्य, आणि संस्थेच्या परवान्यावर हौशी सेट चालवता येत नाही. सुट्टीत इतर हौशी रेडिओवाले गाठायचे असतील तर मात्र सेट मस्त आहे. मागच्या उन्हाळ्यात...

डोंगरकडा
हौशी गप्पांसाठी वेगळा धागा काढा, कृपया. टोन बघितला, १०७.२ हर्ट्झ.

सोल्डरगन
टोन ठेवा, पण तो कशासाठी ते लक्षात घ्या. उन्हाळ्यात आयनांबरातल्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागातल्या) तुरळक ई-थरावरून हजार-दोन हजार किलोमीटरवरची केंद्रं याच पट्टीत येऊन आदळतात, आणि वणवेही तेव्हाच लागतात. टोनमुळे त्यांची बडबड ऐकू येत नाही. पण परका सिग्नल जोरदार असला तर तुमच्या हँडसेटचा क्षीण सिग्नल त्याखाली दाबला जातो आणि तुम्हाला कळतही नाही. बोलण्याआधी मॉनिटरचं बटण (टोन बाजूला ठेवून सगळं ऐकवणारं) दाबून ऐकायची सवय सगळ्यांना लावा.

आणखी एक मार्ग आहे. गाडीत छोटा रिपीटर बसवायचा. माणसाच्या हातात १५० चा किंवा यूएचएफचा सेट, गाडी तेच बोलणं लो बँडवर पुढे पाठवते. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने गाड्यांमध्ये लो बँड ठेवूनच उतरलेल्या अधिकाऱ्यासाठी असा एक्स्टेंडर वापरला. काका आणि तरंगलांबी, दोघांचंही म्हणणं यात बसतं. परवान्यात जादा फ्रिक्वेन्सी मात्र लागेल.

तरंगलांबी
हेच मी सांगत होतो.

रेडिओकाका
तुम्ही लो बँड सोडा म्हणत होतात.

डोंगरकडा
रिपीटरसाठी जादा फ्रिक्वेन्सीचा अर्ज करतो, पण या हंगामात ती हातात पडणार नाही. तोवर एचटी१२५० लो बँडचे दोन सेट मागवतो, लेबलचा फोटो पाहूनच. सोंडेमागे उभं राहून गाडीशी लागतं का ते बघितल्याशिवाय बाकीचे घेणार नाही. अँटेना कोणती मागू?

रेडिओकाका
३७.५४ सामावणाऱ्या पट्टीसाठी कापलेली हवी, कारण या रबरी अँटेना फार अरुंद पट्टीत काम करतात. ४२ ते ५० ची लावलीत तर सेट चांगला असूनही सोंडेआधीच आवाज तुटेल. चाचणी दोनदा करा. एकदा तशीच, आणि एकदा अँटेनाच्या बुडाशी सेटच्या धातूला जोडलेली १ मीटर ९० सेंटीमीटरची मऊ वायर खाली मोकळी सोडून. ती अँटेनाची जमिनीची (ग्राउंडची) बाजू होते आणि बराच फरक पडतो. झाडीत अडकते, म्हणून चालताना गुंडाळून खिशात आणि बोलताना सोडायची. आगीजवळ वायरचं वेष्टण सिलिकॉनचं घ्या, साधं प्लॅस्टिक वितळतं.