मदत हवी: डायमंड क्रॉसिंगच्या फोटोत संगत कोन जुळत नाहीत (नववी, भूमिती)

मानेवाड्याची_ताई:
लेकीला शाळेतून प्रकल्प मिळालाय: आपल्या शहरात छेदणाऱ्या रेषा शोधा आणि कोन मोजून दाखवा. नागपूरची पोरगी, त्यामुळे स्टेशनाजवळचं डायमंड क्रॉसिंगच निवडलं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई मार्ग तिथे एकमेकांना छेदतात. रुळांवर जाऊन कोनमापक लावण्याचा प्रश्नच नाही. नेटवर एक तिरका काढलेला फोटो सापडला, त्याची प्रिंट घेऊन तिने पट्टीने रेषा मारल्या.

एका मार्गाचे दोन रूळ, दुसऱ्याचे दोन, म्हणजे चार फुल्या. पहिल्या फुलीवर ८४, ९६, ८४, ९६. छान. त्याच रुळावरच्या पुढच्या फुलीवर मात्र ७७, १०३, ७७, १०३! पुस्तक म्हणतं की समांतर रेषांना एका तिरप्या रेषेने (छेदिकेने) छेदलं की संगत कोन, म्हणजे दोन्ही फुल्यांवरचे एकाच बाजूचे कोन, समान. रूळ समांतर नसते तर गाडी धावली असती का? ती म्हणते, "आई, सगळीकडे ८४ लिहून टाकू." मला ते काही पटत नाही. काहून असं होतंय?

गणितवेडा:
कोनमापक नीट ठेवला नसेल.

रिटायर्ड_मास्तर:
त्याने एखाद-दोन अंश इकडेतिकडे होतील, सात नाही. पोरीने बरोबर मोजलंय ताई, आकडे मुळीच बदलू नका.

विरुद्ध कोन समान यायला रेषा सरळ असल्या की पुरे. ८४ च्या एका बाजूचा कोन रेषीय जोडीमुळे (सरळ रेषेवरचे शेजारचे दोन कोन मिळून १८०) ९६, दुसऱ्या बाजूचाही ९६, आणि त्या ९६ च्या जोडीदाराला पुन्हा ८४ च व्हावं लागतं. तिथे समांतरपणाचा संबंधच येत नाही. संगत कोनांचं सगळं मात्र समांतरपणावर अवलंबून. तिरक्या फोटोत सरळ रूळ सरळच राहतो, पण समांतर रूळ लांब जाताना जवळ येत जातात. म्हणून एक नियम टिकला, दुसरा मोडला.

प्रिंटखाली मोठा कागद चिकटवून, त्या एका रुळाला दोन फुल्यांवर छेदणारे दोन रूळ पट्टीने वाढवा. ८४ वजा ७७, म्हणजे ७ अंशांच्या कोनात ते भेटायला हवेत. मग उपग्रह नकाशावरचं सरळ वरून घेतलेलं चित्र घ्या. तिथे चारही फुल्या जुळतील, १६ कोनांपैकी एक मोजला तरी बाकीचे १५ सांगता येतील. प्रकल्पात दोन्ही चित्रं शेजारी लावा.

मानेवाड्याची_ताई:
हाओ सर, भेटले! साडेसहा-सातच्या मध्ये आलं. आता तिचा पुढचा प्रश्न: मधला चौकोन समभुज की नुसता समांतरभुज?

रिटायर्ड_मास्तर:
दोन्ही मार्ग ब्रॉडगेज, रुळांमधलं अंतर १६७६ मिमी. म्हणजे समांतरभुज चौकोनाच्या दोन्ही उंच्या सारख्या. क्षेत्रफळ = पाया × उंची हे दोन्ही बाजूंनी मांडायला सांगा, उत्तर तिचं तीच काढेल.