सगळे म्हणतात टेन्शन सोड म्हणजे दिवस राहतील... नैसर्गिक उपायांनी मन आणि पाळी दोन्ही सुधारतं का? अनुभव सांगा

रंकाळ्याकाठची

नमस्कार, इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलंय पण वाचा प्लीज. वय ३१, लग्नाला साडेतीन वर्षं झाली, दीड वर्षापासून बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. पाळी ४०-४२ दिवसांनी येते. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत पीसीओडी (पीसीओएस पण म्हणतात, हार्मोन बिघडून बीज वेळेवर तयार होत नाही) निघालं होतं, तेव्हा वजन कमी कर एवढंच सांगितलं होतं. वजन ७४ किलो आहे, तेव्हापासून एक किलोही हललं नाही.

गेल्या महिन्यात नणंदेच्या बाळाचं बारसं होतं. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून बाळ वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात ना, तेव्हा मीपण हात पुढे केले, तर नात्यातल्या एका काकूंनी माझा दंड धरून हळूच मागं घेतलं आणि माझ्या जागी दुसरीला उभं केलं. कुणीच काही बोललं नाही. मी आत जाऊन घुगऱ्यांचं पातेलं हलवत बसले. त्या दिवसापासून छातीत धडधड होते, रात्री तीनला जाग येते ती पाचपर्यंत डोळा लागत नाही, आणि पाळी आली की बाथरूममध्ये नळ सोडून रडते म्हणजे बाहेर ऐकू जायला नको.

सध्या काय काय चालू आहे ते सांगते. अश्वगंधा चूर्ण रात्री दुधातून, शतावरी कल्प, इन्स्टावर बघून बिया पण सुरू केल्यात, म्हणजे पाळीच्या पहिल्या १४ दिवसांत जवस आणि भोपळ्याच्या, पुढचे १४ दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या, पण माझी पाळी ४२ दिवसांची तर २८ नंतर काय खायचं तेच कळत नाही. शिवाय मावससासूबाईंनी एका ठिकाणाहून पुड्या आणून दिल्यात, राखाडी पूड आहे, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, मधातून चाटायची, ५ आठवडे झाले. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये १२ ते १६ दिवस दाखवतात तेव्हा प्रयत्न करतो. घर माळकरी आहे त्यामुळे अंडंसुद्धा नाही. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत भट्टीवर आहे, खूप चांगला आहे, पण त्याच्या टेस्टचं नाव काढलं की गप्प होतो.

खरंच माझ्या टेन्शनमुळंच अडलंय का? गोळ्यांची भीती वाटते. नैसर्गिक काही केलं तर मन आणि हे दोन्ही जमेल का?

अबोली७९

अगं, पाळण्यापाशी तुला मागं ओढलं ते वाचून माझ्याच दंडावर कुणाचा तरी हात पडल्यासारखं वाटलं. माझ्याबाबतीत असं डोहाळजेवणात झालेलं, ओटीचं ताट माझ्यासमोरून फिरवून पलीकडे नेलं होतं. तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस हे आधी मनात पक्कं कर.

मी डोंबिवलीला असते, आता सेहेचाळीस पूर्ण. आम्ही सहा वर्षं प्रयत्न केले, दोन आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) केल्या, दोन्ही फेल. त्या काळात मला एकेकाने सांगितलेलं की फिरायला जा, मन रमव, टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही, आणि मी खरं मानलं, म्हणजे झालं काय की आधी मूल नाही याचं दुःख, आणि वर आपणच रडून रडून ते अडवतोय हा अपराधीपणा. मी हसायलासुद्धा घाबरत होते आणि रडायलासुद्धा. शेवटी एका समुपदेशक बाईंकडे गेले, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, मूल होणार की नाही हे बाजूला ठेवलं तर आज तुम्हाला झोप हवी आहे का? मी तिथंच खूप रडले. तोपर्यंत माझी झोप ही माझ्यासाठी हवी असं कुणी म्हणालंच नव्हतं.

त्यांनी शिकवलेलं एक सांगते, तुला रात्री तीनला उपयोगी पडेल. संध्याकाळी सहा वाजता वही घेऊन १५ मिनिटं बसायचं आणि डोक्यात जी काही काळजी असेल ती सगळी लिहून काढायची, अर्धवट वाक्यं चालतील. १५ मिनिटं झाली की वही बंद करून कपाटात. मग रात्री विचार आला की स्वतःला सांगायचं, उद्या सहाला. पहिला आठवडा काही झालं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फरक पडायला लागला. आणि अर्ध्या तासात परत झोप आली नाही तर गादीवर तळमळत पडू नकोस, उठून मंद उजेडात बस, पेंग आली की परत जा, मोबाईल मात्र हातात घ्यायचा नाही. मला पुढे काही महिने गोळी पण लागली, डॉक्टरांनी दिली आणि त्यांनीच हळूहळू बंद केली. त्यात कमीपणा वाटू देऊ नकोस.

माझं मन सुधारलं पण मूल पोटातून नाहीच आलं. लेक आम्ही ‘कारा’तून, म्हणजे सरकारच्या दत्तक संस्थेतून, दत्तक घेतली, आता पाचवीत आहे. हे मुद्दाम लिहितेय, कारण मन बरं करायचं ते तुझ्यासाठी, बाळाच्या बदल्यात नाही. जवळपास कुणी नसेल तर सरकारचा मानसिक आरोग्यासाठीचा टेलि-मानस नंबर आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा.

सांगलीची_डॉक्टर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, ओपीडी संपवून लिहितेय, लांबेल.

आधी तुमचा मुख्य प्रश्न. टेन्शनमुळे अडलंय का? मला तसं वाटत नाही. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यास एकत्र करून साडेतीन हजारांवर बायकांची माहिती तपासली गेली, आयव्हीएफसारखे उपचार सुरू व्हायच्या आधी ज्या जास्त चिंतेत किंवा उदास होत्या आणि ज्या नव्हत्या, त्यांच्यात गर्भ राहण्याच्या प्रमाणात फरक सापडला नाही. खूप ताणाने पाळी पुढे-मागे होऊ शकते, झोप आणि जेवण बिघडतं, नवरा-बायकोत जवळीक कमी होते, हे सगळं खरं. पण रडल्यामुळे गर्भ राहत नाही असं तुम्हाला पुन्हा कुणी म्हणालं तर माझं नाव सांगा.

आता जे खरंच अडतंय असं मला दिसतंय ते. तुमची पाळी ४२ दिवसांची. पाळी लांबते ती पुढच्या अर्ध्या भागात नाही, बीज तयार होईपर्यंतच्या आधीच्या भागात. बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी साधारण १४ दिवसांनी येते, म्हणजे तुमच्यात बीज बाहेर पडलंच तर ते २६ ते ३० व्या दिवसाच्या आसपास. अ‍ॅपमध्ये २८ दिवसांचं सेटिंग तसंच राहिलंय बहुतेक, त्यामुळे दीड वर्ष तुम्ही चुकीच्या दिवसांत प्रयत्न करताय. शुक्राणू आत ५ दिवसांपर्यंत जगतात, बीज एखादा दिवसच, म्हणून २२ पासून ३० पर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवा. अंगावरून जाणारं पाणी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जायला लागलं की दिवस जवळ आले समजा. लघवीवर तपासायच्या पट्ट्या पीसीओएसमध्ये फसवतात, त्यातलं हार्मोन मुळातच जास्त असतं, त्यांच्यावर पैसे घालवू नका.

धडधड, झोप मोडणं, पाळी लांबणं, वजन न हलणं, यातलं बरंच काही थायरॉईड बिघडल्यानेही होतं, त्यामुळे टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी आधी करा. सोबत प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), साखर, हिमोग्लोबिन, आणि घर माळकरी म्हणालात म्हणून व्हिटॅमिन बी१२ आणि डी सुद्धा. बी१२ कमी असलेल्या किती बायका माझ्याकडे ‘मला काहीच करावंसं वाटत नाही’ म्हणून येतात. ते ताक-दह्याने पूर्ण भरून निघत नाही, कमी निघालं तर सप्लिमेंट घ्यावंच लागतं.

अश्वगंधा. ताण आणि झोपेसाठी छोट्या चाचण्यांत फायदा दिसलाय, पण ती थायरॉईडचं हार्मोन वाढवू शकते, काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि गरोदरपणात ती नको. तुम्ही प्रयत्न करताय म्हणजे दिवस राहिल्याचं कळेपर्यंत दोन-तीन आठवडे ती पोटात जाणारच. तुम्हाला आधीच धडधड आहे, बंद करा. शतावरीने गर्भ राहतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही, आणि कल्पात साखर किती असते ते डब्यावर वाचा, पीसीओएसमध्ये ती रोज दोनदा नको. बिया खा, चटणीत घाला, तीळ-जवस आपल्या जेवणातलेच आहेत, पण चौदा-चौदा दिवसांचा हिशोब सोडून द्या.

ती राखाडी पूड मात्र आजपासून अजिबात नको. माझी सख्खी जाऊ वैद्य आहे, मी आयुर्वेदाच्या विरोधात बोलत नाही, तीही हेच सांगेल की नाव नाही, घटक नाहीत, बनवणारा माहीत नाही असं काही चाटायचं नाही. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली होती, जवळपास पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, आणि ती तर लेबल लावलेली होती. शिसं नाळेतून बाळापर्यंत जातं. उरलेल्या पुड्या फेकू नका, डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातलं शिसं तपासून घ्या. मावससासूबाईंनी मायेनेच आणल्या असतील, त्यांना डॉक्टरांनी थांबवलं म्हणून सांगा, वाद नको.

नैसर्गिक म्हणाल तर पीसीओएसमध्ये सगळ्यात जास्त काम करतं ते वजन ५ टक्के उतरवणं. तुमच्यात ते साडेतीन-चार किलो होतं, तेवढ्यावर बऱ्याच जणींची पाळी स्वतःहून जवळ यायला लागते. उपास करून नाही. रंकाळ्याला रोज भराभर चालणं अर्धा तास, आठवड्यात दोनदा स्नायूंचा व्यायाम, ताटात भात अर्धा आणि मोड आलेली मटकी, डाळ, पनीर दुप्पट. तेवढंच चालणं उदासीवरही काम करतं, हा मन आणि पाळी दोन्हीला लागू पडणारा एकच उपाय मला प्रामाणिकपणे सांगता येतो. अनुलोम-विलोम, भ्रामरी करत असाल तर करा, धडधड शांत व्हायला श्वास लांबवल्याने मदत होते.

आणि गोळ्यांची भीती. फोलिक अ‍ॅसिड आजपासून सुरू करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम तरी. बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू जिथून तयार होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून ४ आठवड्यांत बंद होते, तोवर कित्येकींना दिवस राहिल्याचंही कळलेलं नसतं. तीन महिन्यांत पाळी जवळ आली नाही तर बीज बाहेर पडण्यासाठी लेट्रोझोलच्या ५ दिवसांच्या गोळ्या असतात, पीसीओएसमध्ये जगभर तीच पहिली पसंती आहे. वर्षभर प्रयत्न करून झालं नाही की दोघांची तपासणी करायची असते, तुमचं दीड झालंय. दोघांची.

जवसाची_चटणी

माझ्या मावसबहिणीला शतावरीनेच राहिलं होतं हो, दोन महिन्यांत. सगळंच खोटं नसतं.

सांगलीची_डॉक्टर

त्यांना राहिलं याचा आनंदच आहे. पण प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांपैकी बहुतेकांना वर्षभरात राहतंच, मग त्या वेळी जे चालू असेल त्याला श्रेय जातं. माझी हरकत शतावरीला कमी आणि तिच्या भरवशावर अजून एक वर्ष घालवण्याला जास्त आहे.

मोल्डिंगवाला

ताई मी पण शिरोलीतच, मेल्टिंगला होतो सात वर्षं. दादा गप्प का होतात ते मला चांगलं ठाऊक आहे, मी आठ महिने गप्प होतो. वाटायचं रिपोर्ट खराब आला तर पोरं काय म्हणतील, घरात काय तोंड दाखवायचं. बायकोच्या सगळ्या टेस्ट झाल्या, नळ्यांचा एक्सरे पण झाला, तिला लई दुखलं त्यात, आणि माझी एक डबीत वीर्य देऊन करायची टेस्ट राहिली होती. ती दुखणं सोसून घरी आली आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड करून झोपली, त्या रात्री ठरवलं.

शुक्राणूंचा काउंट मिलीला ९ मिलियन आला, १६ च्या वर पाहिजे असतो. डॉक्टरनी विचारलं काम काय, तंबाखू किती. मी भट्टीसमोर आठ तास, आणि दिवसाला दोन पुड्या. त्यांनी समजावलं की अंडकोष शरीराच्या बाहेर असतात ते थंड राहायला, सतत धग लागली की शुक्राणू कमी बनतात. सुपरवायझरशी बोलून तीन महिने डिस्पॅचला बदलून घेतलं, पगारात ओव्हरटाइम गेला. तंबाखू सोडली, पहिले पंधरा दिवस डोकं फिरल्यासारखं व्हायचं, बडीशेप आणि लवंग चघळत काढले. एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात म्हणून रिपोर्ट लगेच सुधारत नाही, हे माहीत पाहिजे नाहीतर माणूस महिन्यात हात टेकतो. साडेतीन महिन्यांनी परत केली, २१ आला. धग गेल्यामुळं का तंबाखू गेल्यामुळं ते मला नाही सांगता येणार. मुलगी आहे आता, दीड वर्षाची.

दादांना एवढंच सांगा की यात काही दुखत नाही. आणि जिमला जात असतील तर इंजेक्शनं घेऊ देऊ नका, टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतलं की आतलं काम बंद पडतं, आमच्यातल्या एका पोराचा काउंट शून्य आला होता त्यानं.

रंकाळ्याकाठची

तुम्हा सगळ्यांचं कसं आभार मानू कळत नाही. अबोली ताई, तुमचा मेसेज चार वेळा वाचला. काल सहाला वही घेऊन बसले, पाच पानं झाली, त्यातली तीन बारशाचीच होती.

डॉक्टर, पुड्या बंद केल्या, सासूबाईंनाच तुमचा मेसेज वाचून दाखवला. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग उठून स्वतःच सगळ्या पुड्या एका डब्यात भरल्या आणि म्हणाल्या दवाखान्यात मीपण येते. दिवसांचं चुकत होतं हे तर डोक्यातच नव्हतं आलं, आज माझा १९ वा दिवस आहे.

मोल्डिंगवाले दादा, तुमचं लिहिलेलं उघडून मी काही न बोलता ह्यांच्या हातात मोबाईल दिला. जेवताना विचारलं, शनिवारी लॅब किती वाजता उघडते. सेकंड शिफ्ट आहे त्या दिवशी. आधी काही पथ्य असतं का, आणि लॅबमध्ये द्यायला लाजतील, घरून नेलं तर चालतं का?

मोल्डिंगवाला

चालतं. आधी कमीत कमी २ दिवस आणि जास्तीत जास्त ७ दिवस संबंध नको, मला ३ सांगितले होते. डबी लॅबमधूनच आणा, घरची नको. घरून नेताना तासाभराच्या आत पोचवायची, शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवून, फ्रीज नाही, बर्फ नाही. रिपोर्ट कमी आला तरी एकावर ठरवत नाहीत, काही आठवड्यांनी परत करतात, तेवढं आधीच सांगून ठेवा. शनिवारी सकाळी मी मोकळा आहे, दादांना एकट्यानं जायला जड वाटलं तर इथंच लिहा, मी येतो बरोबर.