सातारा: मुलांना खेळाला घालायचंय, चांगल्या सवयी लागाव्यात म्हणून. कोणता खेळ, कुठला वर्ग, कसं ठरवायचं?

गोडोलीकर
मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची. मोठे खेळाडू झालेच पाहिजेत असं काही नाही. वेळ पाळणं, हरल्यावर आदळआपट न करणं, आपलं सामान आपण सांभाळणं, एवढं अंगवळणी पडावं अशी इच्छा आहे. खो-खो, कबड्डी, कुस्ती, ॲथलेटिक्स असे पर्याय दिसतात. निवड कशी करावी? पहाटेचा सराव या वयात झेपतो का?

शिट्टी_फक्की
खेळाच्या आधी शिकवणारा बघा. सरावाच्या दहा मिनिटं आधी जाऊन बसा आणि संपल्यावर पंधरा मिनिटं थांबा. असं वेगवेगळ्या दिवशी तीनदा करा. मधला खेळ बघून फारसं कळत नाही. फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) कोण मारतं, मार्कर कोण गोळा करतं, पाण्याचा जार कोण उचलतं, ते बघा. रोज तीच दोन बारकी पोरं राबत असतील आणि चांगला खेळणारा बॅग उचलून निघून जात असेल, तर तुम्हाला हवं ते तिथं मिळणार नाही.

दुसरं, राखीव पोरांना सरावात किती खेळायला मिळतं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: एखाद्या पोरानं स्वतःहून "सर, मी बाद" असं सांगितलं, तर सर काय करतात? कबड्डीत बोटाचा हलका स्पर्श कित्येकदा फक्त त्या दोघांनाच कळतो. अशा वेळी हात वर करणाऱ्याला "गप उभा राहा की" म्हणणारे सर असतील, तर पुढचा वर्ग शोधा.

तुमच्या दोघांच्या वयाला मी खो-खो सुचवेन. पाठलागात नऊ जण असतात, त्यातले आठ बसलेले आणि शेजारशेजारच्यांची तोंडं उलट्या बाजूला. खो मिळायच्या आत उठलं की फाउल, आणि एकदा दिशा धरली की मागं फिरता येत नाही. उतावळ्या पोराला थांबायला सांगावं लागत नाही, त्याच्या घाईनं अख्ख्या संघाचा डाव बिघडतो हे त्याला तिथंच दिसतं. फक्त एक विचारून घ्या: बसायच्या जागा बदलतात का? सावकाश पळणाऱ्याला कायम मधल्या चौकटीत बसवलं, तर तो कंटाळून सोडतो.

कामाच्या पाळ्या लावायला सरांना सुचवून बघा. पंधरा पोरं असतील तर तीन-तीनचे पाच गट करायचे: फक्की, साहित्य, पाणी, हजेरी, पंचगिरी. दर सोमवारी पाळी बदलायची. पहिल्या आठवड्यात फक्की संघातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूकडे. काम हलकं नाही हे पोरांना त्यावरूनच कळतं. बहुतेक ठिकाणी हे फसतं ते एकाच कारणानं: उशिरा आलेल्याला शिक्षा म्हणून साहित्य उचलायला लावतात. मग साहित्य उचलणं म्हणजे अपमान, हे पोरांच्या डोक्यात पक्कं बसतं. पळायच्या फेऱ्यांचंही तेच. उशिरा आलेल्यानं बाजूला एकट्यानं वॉर्मअप करायचा आणि पुढच्या ड्रिलला आत यायचं, एवढं पुरतं. एसटीनं येणाऱ्या पोराला मात्र गाडी चुकल्याचा दोष देऊ नये.

पंचगिरी तर प्रत्येकाकडे यावीच. ज्यानं एकदा शिट्टी धरली, त्याचं पंचाशी हुज्जत घालणं आपोआप कमी होतं.

लालमाती
कुस्तीबद्दल थोडं. तालमीतली शिस्त रोजच्या कामांतून येते: माती खणून भुसभुशीत करायची, वस्तादांच्या पाया पडून हौद्यात उतरायचं, थोरल्यानं धाकट्याला खेळवायचं. पण स्वच्छता तपासून घ्या. नखं कापलेली हवीत, टॉवेल आणि लंगोट स्वतःचे, रोज धुतलेले. सराव संपला की लगेच साबणानं आंघोळ. गजकर्ण झालेल्या पोराला बरं होईपर्यंत बाहेर बसवतात का, हे स्पष्ट विचारा. एकाला झालं की आठवड्याभरात चार जणांना होतं.

मातीबरोबर मॅटचा सराव आहे का तेही बघा. आपल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला सहावे आले. सवय मातीची होती, मॅट नवी होती. त्यांनी वर्षानुवर्षं ती उणीव भरून काढली आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं. सातारच्या पोरांना पदकाची गोष्ट सगळे सांगतात, मधली चार वर्षं कुणी सांगत नाही. तीही सांगा.

आणि वजनगटात बसवायला लहान पोराला उपाशी किंवा बिनपाण्याचं ठेवणारा वस्ताद असेल, तर त्याच दिवशी पोराला घरी आणा.

गुडघा_वाटी
पहाटेबद्दल: या वयात ९ ते १२ तास झोप लागते. साडेपाचचा सराव म्हणजे पाचला उठणं, म्हणजे रात्री आठलाच झोपणं. संध्याकाळची शिकवणी साडेआठला सुटत असेल तर पहाटेचा वर्ग नकोच, संध्याकाळचा घ्या. आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी.

अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर पळवत असतील तर चढ पळत, उतार चालत. उतारावर पळून नडग्या दुखायला लागतात. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ येऊन दुखत असेल, तर ते वाढीच्या वयातलं दुखणं असतं. उड्या आणि उकिडवं बसणं कमी करा, डॉक्टरांना दाखवा. "सहन कर, मर्द हो" म्हणायची ती जागा नव्हे. दुखणं वेळेवर सांगणं हीसुद्धा लावायची सवय आहे.

खाणं साधं ठेवा: आधी केळं, नंतर दूध, गूळ-शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, अंडी. डब्यातल्या पावडरी या वयात नकोत.

गोडोलीकर
खूप उपयोगी. मुलगा बॅग भरताना हमखास काहीतरी विसरतो, आणि सामना हरला की घरी येईपर्यंत धुसफुसतो. आजोबा गुणामागे दहा रुपये देतो म्हणतात. यावर काय करावं?

शिट्टी_फक्की
बॅगेची यादी त्याच्याच अक्षरात लिहून दाराच्या आत चिकटवा: बूट, मोजे, टॉवेल, लिटरभर पाणी, जादा टी-शर्ट. भरायची रात्री, त्यानंच. बूट विसरला तर नेऊन देऊ नका, त्या दिवशी तो पंचगिरी करेल. पाणी आणि औषध मात्र नेऊन द्या.

हरल्यावर गाडीवर एक अक्षर बोलू नका. जेवण झाल्यावर एकच विचारा: "उद्या सरावात काय करणार?" पैशाचं आजोबांना गोडीनं थांबवा. गुणाला पैसे लागले की पोरगं पास देत नाही, खो देत नाही, स्वतःच पळत सुटतं. त्यांना द्यायचंच असेल तर महिनाभर वेळेवर गेल्याबद्दल नवे मोजे द्या.

तालुका_ते_विभाग
एक राहिलं. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. पुढेमागे कुणीतरी सांगेल, "दाखल्यावर वय एक वर्ष कमी करू, पोरगं विभागापर्यंत जाईल." स्वच्छ नाही म्हणा, आणि मुलासमोर म्हणा. जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या रजिस्टरवरची तारीख एकच आहे का, ते आत्ताच तपासून घ्या. खरोखरची चूक असेल तर शाळेतून दुरुस्तीला वेळ लागतो.