लवकर उठायचं असेल तर झोपायची नाही, उठायची वेळ पक्की करा. पटतंय का?

झुंजूमुंजू:
लवकर उठायचा विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो, लवकर झोपा म्हणजे आपोआप लवकर जाग येईल. माझं मत बरोबर उलटं आहे. रोज बाराला झोपणारा माणूस एके दिवशी उत्साहात दहालाच अंथरुणावर पडतो, या कुशीवरून त्या कुशीवर करत राहतो, मग मोबाईल हातात येतो, बारा वाजून गेल्यावर कधीतरी डोळा लागतो आणि पहाटे गजर झाला की तो बंद करून परत पांघरूण डोक्यावर. चार दिवस असं झालं की म्हणतो आपल्यात तेवढी जिद्दच नाही. अहो जिद्दीचा प्रश्नच नाहीये तिथे. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीरातलं घड्याळ आपल्याला जागं ठेवायचा जोर सगळ्यात जास्त लावत असतं, पेरेट्झ लावी या इस्रायली संशोधकांनी १९८६ मध्येच हे दाखवलंय. म्हणजे दहाला आडवा होणारा बाराचा माणूस नेमका त्याच वेळेत झोप ओढून आणायला बघतो.

झोप येते ती दोन गोष्टींच्या जोरावर, १९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली यांनी केलेली ही मांडणी अजूनही वापरतात. एक म्हणजे जागेपणी साठत जाणारा झोपेचा दाब, मेंदूत अडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं तसा तो वाढतो. दुसरं ते आतलं घड्याळ. आता झोपेला हुकूम सोडता येत नाही पण उठणं मात्र आपल्या हातात असतं. रोज एकाच वेळी उठलात की दाब रोज एकाच वेळी साठायला लागतो, सकाळचा उजेड रोज एकाच वेळी डोळ्यात जातो आणि थोड्या दिवसांत रात्रीची पेंग स्वतःहून अलीकडे सरकते. त्यामुळे उठायची वेळ धरा, सुट्टीच्या दिवशीही तीच, आणि झोपायला तेव्हाच जा जेव्हा खरंच डोळे मिटायला लागतात.

कोणाला पटत नसेल तर कारणासकट लिहा.

रातकिडा:
पटत नाही, आणि कारण साधं आहे. तुम्ही जे सांगताय त्यात मधल्या काळाचं काय होतं ते तुम्ही गाळलंत. माझ्यासारखा माणूस ज्याला दोनच्या आधी झोप येत नाही त्याने पाचची वेळ पक्की केली तर तो तीन तास झोपतो, मग कधी चार, मग कधी पाच, आणि घड्याळ सरकेल सरकेल म्हणून वाट बघत आठवडे काढतो. २००३ मध्ये हान्स व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी लोकांना १४ दिवस रोज ६ तासच झोपू दिलं होतं, शेवटी त्यांचं लक्ष अशा पातळीवर घसरलं होतं जशी सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांची होते. आणि यातली भीतीदायक गोष्ट म्हणजे त्या लोकांना स्वतःला ते फारसं जाणवत नव्हतं, त्यांना वाटत होतं आपण ठीक आहोत. अशा अवस्थेत माणूस गाडी चालवतो, मशीनवर उभा राहतो.

दुसरं म्हणजे हे घड्याळ सगळ्यांचं सारखं नसतं हो. लवकर उठणारा की उशिरा जागणारा हे बऱ्याच अंशी जनुकांवर ठरतं. २०१७ मध्ये सीआरवाय१ या जनुकातला एक बदल सापडला ज्याने घड्याळाचा फेराच लांबतो आणि झोप उशिरा येते. अशा माणसाला "सवय लाव" म्हणणं म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हाताने लिही म्हणण्यासारखं आहे.

शिस्तप्रिय:
झुंजूमुंजू यांच्याशी १००% सहमत. निद्रानाशावर औषधाशिवाय जी वर्तन-उपचार पद्धत देतात तिच्यातही उठायची वेळ ठरवून घेणं हा मुख्य भाग असतो, झोप कशीही झाली तरी ठरल्या वेळी उठायचं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेले नियम आजही तसेच सांगतात, अंथरूण फक्त झोपेसाठी, पेंग आल्याशिवाय पडायचं नाही, पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, आणि सकाळी रोज एकच वेळ. लोक शेवटचाच नियम पाळत नाहीत आणि मग पद्धतीला दोष देतात.

आणि स्नूझ बंद करा आधी. गजर फोनमध्ये उशीखाली नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

रातकिडा:
@शिस्तप्रिय तुम्ही ज्या उपचाराचा दाखला देताय तो झोप न लागणाऱ्यांसाठी आहे. मला झोप छान लागते, गाढ लागते, फक्त दोनला लागते. दोन वेगळे प्रश्न आहेत. आणि त्या उपचारात झोपेचे तास कमी करायचा जो टप्पा असतो तो अपस्मार किंवा बायपोलर हा मानसिक आजार असलेल्यांना सरसकट देत नाहीत, देखरेखीखाली करतात, हेही लिहायला हवं होतं. इथे वाचून कोणीतरी उद्यापासून सुरू करेल.

झुंजूमुंजू:
@रातकिडा गाडीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, झोप अर्धवट झालेली असेल तर गाडी चालवू नयेच. पण दोनला झोपणाऱ्याने उद्यापासून पाचला उठावं असं मी म्हणतच नाहीये. आज दहाला उठत असाल तर पावणेदहा पक्कं करा, ते अंगवळणी पडलं की साडेनऊ. पंधरा-वीस मिनिटांनी सरकवायचं. यात तीन तासांची झोप कुठेच येत नाही.

जनुकं आहेत, मान्य. पण जनुकं घड्याळाचा कल ठरवतात, नेमका आकडा नाही. २०१३ मध्ये केनेथ राइट यांच्या गटाने काही लोकांना आठवडाभर कोलोरॅडोच्या डोंगरात तंबूत ठेवलं होतं, विजेचा दिवा नाही, फक्त सूर्य आणि शेकोटी. त्यांचं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, संध्याकाळी साधारण दोन तास अलीकडे सुरू व्हायला लागलं, आणि मुद्दा हा की उशिरा जागणाऱ्यांमध्ये बदल जास्त दिसला. म्हणजे ज्याला आपण माझा स्वभाव म्हणतो त्यातला बराच भाग दिव्यांचा असतो.

रातकिडा:
त्या प्रयोगात ८ जण होते. आठ. आणि त्यांच्याकडे ना लॅपटॉप ना रात्रीची कामं. रोजच्या आयुष्यात संध्याकाळी सगळे दिवे विझवून कोण बसतं.

आता तुमच्या उजेडाच्या मुद्द्यावर एक गोष्ट सांगतो जी बहुतेक सल्ल्यांमध्ये नसते. शरीराचं तापमान रात्रीत एका वेळी सगळ्यात खाली जातं, साधारण नेहमी जाग येते त्याच्या दोनेक तास आधी. त्या क्षणानंतर डोळ्यात उजेड गेला तर घड्याळ अलीकडे येतं, पण त्याच्या आधी गेला तर घड्याळ आणखी पुढे ढकललं जातं. आता जो माणूस मनाप्रमाणे दहाला उठतो त्याचा तो क्षण आठच्या आसपास आहे. तो पाचला उठून तोंडासमोर झगझगीत दिवा लावून बसला तर तो स्वतःला अजून उशिराचा बनवतोय! इतकी मेहनत करून उलटा परिणाम. म्हणून "उठा आणि उजेड घ्या" हे वाक्य सरसकट फेकू नका एवढंच म्हणणं आहे.

झुंजूमुंजू:
हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि पंधरा-वीस मिनिटांनीच सरकवा म्हणण्यामागे हेच कारण आहे. हळूहळू सरकलात तर तो तापमानाचा क्षणही तुमच्याबरोबर अलीकडे येत राहतो आणि उजेड कायम त्याच्या योग्य बाजूला पडतो.

दिवेलागण:
तुम्ही दोघं सकाळवरच भांडताय, संध्याकाळ कोणी बघतच नाहीये. माझ्या मते खरी गडबड सूर्यास्तानंतर होते. २०११ च्या जोशुआ गूली यांच्या अभ्यासात झोपेआधी घरातल्या साध्या दिव्यांच्या उजेडात बसलेल्यांचं मेलाटोनिन मंद उजेडात बसलेल्यांपेक्षा दीडेक तास कमी वेळ टिकलं. साधे दिवे हो, मोबाईल वगैरे नाही. आणि सगळे मोबाईलचा निळा उजेड अडवणारा चश्मा घेऊन बसलेत आणि डोक्यावर पांढरीफटक ट्यूबलाइट तशीच चालू. छताचा दिवा बंद करून कोपऱ्यात एक पिवळसर दिवा लावा झोपेआधी दोन तास, काही खर्च नाही, काही जिद्द नाही.

तसंच कॅफिन. २०१३ मध्ये झालेल्या एका प्रयोगात झोपेच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं तरी झोप तासाभराहून जास्त कमी झाली. ४०० म्हणजे बरंच आहे, एका कपात एवढं नसतं, पण संध्याकाळी सहाला कॉफी पिऊन दहाला झोप का येत नाही म्हणून विचारणाऱ्यांनी आधी हे बघावं. कॅफिन अडिनोसिनचीच जागा अडवून बसतं, म्हणजे वर जो दाब म्हणताय तो साठलेला असतो पण मेंदूला कळत नाही.

आणि झोपेआधी एक-दीड तास कोमट ते गरम पाण्याने अंघोळ. हातापायाकडे रक्त जातं, आतली उष्णता बाहेर पडते, शरीर थंड व्हायला लागलं की झोप लवकर येते. झोपेला हुकूम सोडता येत नाही हे खरं, पण तिला वाट मोकळी करून देता येते ना? म्हणून वेळ पक्की करायची तर दिवे मंद करायची करा, बाकी आपसूक होतं.

शिस्तप्रिय:
दिवे वगैरे ठीक आहे पण रविवारी अकरापर्यंत लोळलात की सगळं पाण्यात. टिल रोनेबर्ग यांच्या गटाने २००६ मध्ये याला सोशल जेटलॅग म्हटलं, कामाच्या दिवसांची आणि सुट्टीची झोप यात दोन तासांचा फरक असेल तर दर शनिवारी दोन तासांनी मागे असलेल्या देशात जाऊन सोमवारी परत आल्यासारखं.

तीनपाळ्या:
मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, पाळ्या फिरत्या. हा सगळा धागा वाचला आणि सांगावंसं वाटलं की "रोज एकच वेळ" हे वाक्य आमच्यासारख्यांना कसं लागतं याचा कोणी विचार करत नाही. आम्ही काय बेशिस्त आहोत का. रात्रपाळी करून सकाळी घरी जाताना तुमचा तो सोन्यासारखा उजेड आमचा शत्रू असतो, मी काळा चश्मा लावून बाहेर पडते आणि खोलीला जाड पडदे. जमेल तेव्हा एक करते, पाळी कुठलीही असो रोज झोपेचे चारेक तास एकाच ठरावीक वेळेत येतील असं बसवायचं आणि उरलेली झोप मिळेल तिथे. घड्याळाला धरायला काहीतरी राहतं. रोजच्या बदलत्या पाळ्यांमध्ये तेही मोडतं, मग दुपारची डुलकी.

आणि रविवारच्या झोपेवरून कोणाला बोलू नका प्लीज. आठवडाभर पाच तास झोपलेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी पण सहालाच ऊठ म्हणणं हे क्रूर आहे.

झुंजूमुंजू:
@तीनपाळ्या ताई तुमच्या कामाला हा नियम लागू नाहीच, मी दिवसा काम करणाऱ्यांपुरतं लिहिलंय. पण दिवसा काम करणारा आठवडाभर पाच तास झोपत असेल तर चूक रविवारी नाही, सोमवार ते शुक्रवार आहे. थकवा भरून काढायचा तर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटं पडा, किंवा शनिवारी रात्री पेंग येईल तेव्हा लवकर झोपा. सकाळ ताणली की रविवारी रात्री दाब पुरेसा साठत नाही आणि सोमवारचे हाल ठरलेले.

काठावरची:
माझी मुलगी १६ वर्षांची आहे, पोहण्याचा सराव पहाटे साडेपाचला. रात्री अकरा-साडेअकराच्या आत झोप येत नाही, सकाळी उठवताना रोज रडारड, पाण्यात उतरेपर्यंत झापड. घरात मी म्हणते रविवारी झोपू दे, नवरा म्हणतो नाही, सवय मोडेल. या वयात नेमकं काय करायचं?

रातकिडा:
@काठावरची या वयात घड्याळ खरंच पुढे सरकलेलं असतं, विशीच्या आसपास ते सगळ्यात उशिरा असतं आणि मग परत अलीकडे यायला लागतं. तो आळस नाही. किशोरवयात ८ ते १० तास झोप लागते, तिला साडेपाच पण मिळत नाहीये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये शाळांनाच सांगितलं की साडेआठच्या आधी वर्ग सुरू करू नका. मुलीला बदलण्याआधी सरावाची वेळ बदलता येते का बघा. मी हेच पहिल्यापासून म्हणतोय, दर वेळी माणसानेच का सरकायचं, कधी वेळापत्रक पण सरकू दे.

झुंजूमुंजू:
सरावाची वेळ बदलली तर उत्तमच, इथे रातकिडा यांच्याशी माझा वाद नाही. पण बदलेपर्यंत रात्री नऊनंतर घरातले दिवे मंद, फोन बाहेरच्या खोलीत. आणि आठ-नऊ तास झोपूनही झापड जात नसेल, घोरणं असेल, तर डॉक्टरांना दाखवा, तो सवयीचा भाग नसतो.

काठावरची:
घोरत नाही. प्रशिक्षकांशी काल बोलले, संध्याकाळची बॅच पुढच्या महिन्यापासून मिळेल म्हणाले. तोपर्यंत रविवारी नऊपर्यंत झोपू देते, नवऱ्यालाही हा धागा वाचायला दिला.

शिस्तप्रिय:
नऊ फार होतात, साडेसात करा.

तीनपाळ्या:
नऊच राहू द्या ताई. आठवडाभर साडेपाच तास पण झोप नाहीये त्या पोरीला.