जुनी वही बंद करण्याआधी ती वाचायला नको का?

पर्चेस_बडोदा

आमच्या मकरपुऱ्याच्या कारखान्यात १ एप्रिलपासून ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब सगळं एकत्र ठेवणारी कंप्युटर सिस्टिम, सुरू झालं. ३१ मार्चच्या संध्याकाळी स्टोअरमधली सगळी रजिस्टरं कपाटात गेली, कुलूप लागलं, किल्ली अकाउंट्सकडे. सहा आठवड्यांनी मोजणी केली तर एका मापाचे बोल्ट स्क्रीनवर ४०० आणि रॅकमध्ये २६०. आता प्रत्येक मीटिंगमध्ये एकच ऐकू येतं: आपल्या माणसांना बदल नको असतो.

मला हे मान्य नाही. कपाटात गेली त्यात एक साधी २०० पानी वहीही होती. स्टोअरचे भाई ती वीसेक वर्षं लिहीत होते. तिच्यात 'उछीना' असा एक रकाना होता, म्हणजे आपलं उसनं. रात्री नऊला असेंब्लीवर एका जॉबचे, म्हणजे एका ऑर्डरच्या कामाचे, बोल्ट कमी पडले की दुसऱ्या जॉबचे उसने द्यायचे, वहीत लिहायचं आणि माल आला की फेडायचे. नव्या सिस्टिममध्ये यासाठी 'जॉब ट्रान्सफर' आहे, पण त्याला दोन साहेबांची मंजुरी लागते आणि दोघेही सहाला घरी जातात. रात्रपाळीने करायचं काय? माल उचलला, लाइन चालू ठेवली. नोंद करायची राहून गेली, कारण नोंदीला जागाच उरली नव्हती.

कन्सल्टंटनी चार महिने माहिती लिहून घेतली, तीही विभागप्रमुखांकडून. स्टोअरच्या खिडकीपाशी एकही रात्रपाळी कुणी बसलं नाही. जुन्या वहीतला प्रत्येक रकाना कशासाठी आहे, हे ती लिहिणाऱ्याकडून समजून घ्या. मग त्याला नव्या सिस्टिममध्ये जागा द्या, किंवा तो का नको हे त्याला समोर बसवून सांगा. ट्रेनिंग त्यानंतर.

हिशेब_चोख

पूर्ण असहमत. मी दुसऱ्या कारखान्यात अकाउंट्सला आहे आणि तुमचं 'उसनं' हाच मूळ रोग आहे असं मला वाटतं. एका जॉबचा माल दुसऱ्यात गेला की दोन्हींचं कॉस्टिंग खोटं होतं. आमच्याकडे ज्या ऑर्डरवर वर्षानुवर्षं नफा दिसत होता, तिच्यात तोटा निघाला. तो सिस्टिमने दाखवला, वहीने दडवला होता. शिवाय ती वही एकाच माणसाला वाचता येते. भाई गावाला गेले की स्टोअर अडतं, हे तुमच्याकडे होत नव्हतं का?

आम्ही जुनं आणि नवं तीन महिने सोबत चालवून पाहिलं. त्याच माणसाने तीच नोंद दोनदा करायची. लोक वही रोज भरायचे आणि कंप्युटर शनिवारी. तीन महिन्यांचे आठ झाले. परतीचे दोर कापल्याशिवाय माणूस पुढे लढत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कुणी विचारलं होतं? शिकलाच ना तो?

रावपुरा_करसल्ला

जीएसटीचा दाखला अर्धाच दिलात. तारीख टिकली, पण फॉर्म टिकले नाहीत. जीएसटीआर-२ आणि ३ ही विवरणपत्रं त्याच वर्षी स्थगित झाली. तात्पुरता म्हणून आणलेला ३बी मात्र कायमचा झाला, कारण लोकांना तोच भरता येत होता. ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीसाठीची ऑनलाइन पावती, १ फेब्रुवारी २०१८ पासून सक्तीचं होणार होतं. त्या दिवशी पोर्टलला भार पेलला नाही आणि ते पुढे ढकलावं लागलं. मग १ एप्रिलपासून आंतरराज्य माल आणि गुजरातच्या आतल्या मालाला १५ एप्रिल. एवढ्या मोठ्या सरकारलाही टप्पे करावे लागले.

मांडवीकर

बडोद्यात बसून आपण हुकमाला नावं ठेवतोय याचं नवल वाटतं. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पालकांची संमती घेत बसले असते तर किती पिढ्या गेल्या असत्या?

पर्चेस_बडोदा

१९०६ च्या आधी १८९३ आहे. महाराजांनी सक्ती आधी अमरेलीच्या भागात करून पाहिली आणि तेरा वर्षांनी ती राज्यभर नेली. ग्रंथालयांचंही पाहा. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना आणलं, ते फक्त पुस्तकं लावायला नाही. त्यांनी इथल्या माणसांसाठी ग्रंथपालनाचा वर्गही काढला. हुकमाला माझा विरोध नाही. आमच्याकडे अमरेली झालीच नाही, ही तक्रार आहे.

निवृत्त_बँकवाला

बँकांत कंप्युटर आणण्याबद्दलच्या रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांत यंत्रं येऊ लागली, तेव्हा मी युनियनमध्ये होतो आणि विरोधात होतो. नोकऱ्या जातील ही भीती खरी होती. तिला कुणी अडाणीपणा म्हटलेलं मी आजही ऐकून घेणार नाही.

माझं मत बदललं ते जूनअखेरीस. बचत खात्यावर १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची किमान शिल्लक धरून व्याज लागायचं. प्रत्येक लेजरमधलं प्रत्येक खातं, प्रत्येक महिना डोळ्यांनी शोधायचा. जून आणि डिसेंबरात आम्ही रात्री बँकेत काढायचो. यंत्राने ते व्याज काढून दिलं आणि मी उजेडात घरी पोचलो. पुढच्या सोमवारी मी स्वतःहून शिकायला बसलो. तुमच्या भाईंचं नव्या सिस्टिमने एक तरी काम हलकं केलं का? की नोंदी त्यांनी करायच्या आणि रिपोर्ट वरच्यांनी पाहायचा?

फत्तेगंज_एमबीए

बँकवाले काका म्हणतात तेच फ्रेड डेव्हिस या संशोधकांनी १९८९ मध्ये मोजून दाखवलं होतं. माणूस नवी प्रणाली वापरेल का, हे दोन गोष्टींवर ठरतं: ती आपल्या कामाची वाटते का आणि सोपी वाटते का. त्यात 'कामाची'चं वजन जास्त निघालं. आपण सगळा पैसा 'सोपी'वर, म्हणजे ट्रेनिंगवर घालतो.

हिशेब_चोख

काकांचा मुद्दा मानला. आमच्या स्टोअरचं काम वाढलंच, हे खरं आहे. पण वही वाचायची तर मुदत बांधून वाचा. पंधरा दिवस, त्यापुढे एक दिवस नाही. आणि 'उसनं' ठेवायचं असेल तर त्याची किंमत दोन्ही जॉबवर पडली पाहिजे, यावर मी मागे हटणार नाही.

पर्चेस_बडोदा

पंधरा दिवस पुरतील. किंमत पडावी हेही बरोबर आहे. मात्र रात्रपाळीच्या सुपरवायझरला एका सहीचा अधिकार द्या आणि साहेबांनी सकाळी तपासावं. भाई ३० जूनला निवृत्त होत आहेत. उद्या साहेबांकडे कपाट उघडण्याची परवानगी मागतो. मिळाली तर पहिल्या आठवड्याच्या रात्रपाळ्या मीच भाईंजवळ बसून काढणार आहे.