लॉकडाऊनमध्ये तुम्ही गेटच्या कुठल्या बाजूला होतात? (अनुभव धागा)

पेठेतली_वसुधा
परवा आमच्या गल्लीत ड्रेनेजसाठी रस्ता खणला. वाण्याच्या दुकानासमोर ऑइलपेंटने मारलेले ते पांढरे चौकोन आठवतायत ना, एकात एकानेच उभं राहायचं? आमच्याकडे त्यातले दोन अजून पुसट दिसायचे. एक जेसीबीने गेला, दुसऱ्यावर खडीचा ढीग पडलाय. आणि मला एकदम 2020 चा मार्च आठवला.

22 तारखेला जनता कर्फ्यू, संध्याकाळी थाळ्या. 24 ला रात्री आठचं भाषण, आणि ते संपायच्या आत वाण्याकडे झुंबड. दुसऱ्या दिवशी पाडवा. साखरेच्या गाठी मिळाल्या नाहीत, कडुलिंब आवारातलाच म्हणून मिळाला. गुढी उभारून खाली बघितलं तर पेठेत चिटपाखरू नाही.

डालगोना कॉफी, दूरदर्शनवर पुन्हा लागलेलं रामायण, भांडी घासणारे नवरे, हे सगळं लिहून झालंय. मला दुसरंच विचारायचंय. आमच्या गेटवर बोर्ड लागला होता, कामवाल्या बायकांना प्रवेश बंद. मावशी पगार न्यायला आल्या तेव्हा वॉचमनने गजांमधून पाकीट दिलं. माझ्या लेकीला तान्हेपणी अंघोळ घातलेली बाई, आणि मी आतून हात हलवतेय. गंमत म्हणजे आमच्याकडे पहिला पेशंट निघाला तो एक सभासदच. मावशींच्या वस्तीत तोवर कोणी नव्हतं. बोर्ड तसाच राहिला.

तर गेट, गावची वेस, चेकनाका, जिन्याला बांधलेली दोरी. तुम्ही कुठे होतात? लिहा.

गुहागरचा_चाकरमानी
बाहेर. गणपतीला ई-पास काढून गेलो. आधी 14 दिवस विलगीकरण म्हणत होते, मग 10 वर आलं. मला ठेवलं मराठी शाळेत. चौथीचा वर्ग, याच वर्गात पाढे चुकल्यावर गुरुजींनी अंगठे धरायला लावलेले. काकी डबा गडग्यावर ठेवून मागे व्हायची आणि तिथूनच ओरडायची, "मीठ बरोबर हाय काय रे?" मार्चमध्ये मुंबईकर येऊ नयेत म्हणून रस्त्यावर जांभ्याचे चिरे रचणारी वाडीतली पोरं, तीच रात्री खिडकीबाहेर बसून माझ्याशी गप्पा मारायची. राग धरायचा तरी कुणावर?

मिरजेचा_बाब्या
थाळ्या वाजवण्याच्या नादात आमच्या परातीला पोचा आलाय. आई अजून कणीक मळताना माझा उद्धार करते.

डोंबिवलीची_सिस्टर
नाईटला निघायचंय, पटकन लिहिते. 22 च्या रात्री लोकल बंद झाल्या त्या आमच्यासाठी 15 जूनला सुरू झाल्या. तोवर एसटी नाहीतर बेस्ट. जाऊन-येऊन पाच तास, त्यात अख्खा दिवस पीपीई किटमध्ये घामाची अंघोळ. ज्या काकूंनी गॅलरीत उभं राहून थाळी वाजवली त्यांनीच चार दिवसांनी सांगितलं, लिफ्ट वापरू नकोस. मी पाचव्या मजल्यावर. आणि त्याच बिल्डिंगमधले पहिल्या मजल्यावरचे आजोबा रोज रात्री जिन्याच्या कठड्यावर हळदीच्या दुधाचा थर्मास ठेवायचे. कधी दार उघडून बोलले नाहीत, भीती त्यांनाही होतीच. पण थर्मास असायचा. चला, बस येईल.

पेठेतली_वसुधा
सिस्टर 🙏 त्या काकू आता बोलतात का तुमच्याशी?

भूगोल_शून्य
मी 2020 ची दहावी!! 23 मार्चला भूगोलाचा पेपर होता. आधी पुढे ढकलला, मग रद्दच. बाकीच्या विषयांची सरासरी काढून मार्क दिले. मान्सून, नकाशा, सगळं पाठ करून बसलेली मी. लग्नकार्यात काका लोक अजून हसतात, "ही कोरोना बॅच."

सोनल_२१
ए बाई, तुझा एक पेपर गेला. आमची अख्खी परीक्षा झाली नाही. कोरोना बॅच ही पदवी आमची आहे, परत कर.

भूगोल_शून्य
घे. सोबत माझे भूगोलाचे मार्कपण घे 😂

पाड्यावरचा_गुरुजी
तुमचं हसणं चालू द्या. मी नंदुरबार जिल्ह्यात, तेव्हा गुजरातच्या हद्दीवरच्या नाक्यावर ड्यूटी. हातात खडूऐवजी तापमानाची बंदूक. उन्हात तापली की ती कोणालाही तापच दाखवायची. माणसाला बाभळीखाली बसवायचं, पाणी द्यायचं, परत मोजायचं.

जूननंतर "शाळा बंद, शिक्षण सुरू". सुरू कसं? पाड्यावर मोठे फोन दोन-तीन, तेही बापाच्या खिशात आणि बाप कामावर. रेंज टेकडीवर. शेवटी आम्ही ओट्या-ओट्यावर जाऊन शिकवलं. पाच-सहा पोरं, लांब लांब बसवून. शाळा उघडली तेव्हा आठवीतली एक हुशार पोर पटावर होती, वर्गात नव्हती. लग्न लावून दिलं होतं. पन्नास माणसांच्या मर्यादेत लग्न स्वस्तात होतं ना. गेट म्हणाल तर त्या वर्षी तिच्यासाठी जे बंद झालं ते परत उघडलं नाही.

माई_कुलकर्णी
गुरुजी, वाचून पोटात तुटलं.

इगतपुरीवाला
आमचं दुकान हायवेला लागून, कसारा घाट चढून आलं की थोडं पुढे. एप्रिल-मेमध्ये मुंबई-भिवंडीकडून चालत येणारे लोंढे. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशकडे. सायकलवर, डोक्यावर बोचकी, बायकांच्या कडेवर पोरं. 1 मेपासून श्रमिक रेल्वे निघाल्या, पण त्यात नंबर लागायला फॉर्म, डॉक्टरचा दाखला. कित्येकांनी नाद सोडला आणि चालायला लागले. आम्ही दोस्तांनी खिचडीचं पातेलं चढवलं. दोन दिवसांत कळलं की खिचडी बाकीचेही देतायत, मागणी चपलांची आहे. डांबराने तळ गळून गेलेले. मग बंद दुकानाचं मागचं दार उघडून एका चप्पलवाल्याने सगळा माल काढून दिला, मोजलासुद्धा नाही.

8 मेला करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले ना, ती बातमी आली तेव्हा आमच्या इथे झाडाखाली एक घोळका बसलेला होता. कोणी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्याच फोनवर आलं. उठले आणि निघाले.

दर्शना_विरार
चप्पलवाल्याला माझा नमस्कार सांगा.

यावरून आठवलं (नाही, काहीच संबंध नाही), यीस्ट मिळत होतं का कोणाला तेव्हा? मी इनो घालून पाव केला होता, त्याने खिडकी अडवून ठेवायचो.

मिरजेचा_बाब्या
बायकोने माझे केस कापले होते, तिन्ही बाजूंनी वेगवेगळे. ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगला टोपी घालून बसायचो, साहेब म्हणाले थंडी आहे का मिरजेत? मे महिना!

दर्शना_विरार
चौथी बाजू?

मिरजेचा_बाब्या
तिथे आधीच काही नव्हतं.

लेस्टरची_मेघना
इकडे गुरुवारी रात्री आठला टाळ्या असायच्या, दवाखान्यातल्या लोकांसाठी. आम्हीही दारात उभे राहायचो. अशाच एका गुरुवारी टाळ्या चालू असताना दादाचा फोन आला, आई गेली. विमानं बंद. अंत्यविधीला वीस माणसांची परवानगी होती, आले चार. दादाने फोन धरला होता, हात थरथरत असल्याने मला आभाळच जास्त दिसलं. अस्थी त्याने वर्षभर ठेवल्या माझ्यासाठी. गेट वगैरे मला सांगता येणार नाही, एवढंच लिहायचं होतं.

माई_कुलकर्णी
मेघना बाळा, दादाने अस्थी ठेवल्या, केवढं शहाणपण त्याचं. कधी पुण्यात आलीस तर घरी ये. खरंच ये.

म्हापशेंकार
आमच्या गोव्यात पहिले काही दिवस किराणासुद्धा बंद होता हे कोणाला माहीत नसेल. लोकांनी आमदारांना फोन करून करून भंडावलं. एप्रिलमध्ये सातच्या सात पेशंट बरे झाले, आम्ही हिरवे, छाती दोन इंच फुगली. जूनमध्ये वास्कोच्या मांगोर हिलवर साथ आली आणि मग मांगोर हिल म्हटलं की लोक दोन पावलं मागे. माझा कामावरचा सोबती तिथला. निगेटिव्ह होता, तरी कोण त्याला दुचाकीवर घेईना. आणि मासे नाहीत! सुक्या बांगड्यावर दिवस काढले.

नाना_सातारकर
आमचे वडील जन्माचे वारकरी. त्या वर्षी पादुका 30 जूनला एसटीने पंढरीला गेल्या, पायी वारी नाही. वडील म्हणाले मी चालणार. सोसायटीने गच्चीला कुलूप घातलेलं. कमिटीकडे किल्ली मागितली तर म्हणे सगळेच मागतील. शेवटी खालच्या मजल्यावरच्या मुस्लिम भाभी कमिटीत होत्या, त्यांनी भांडून मिळवून दिली. रोज पहाटे गच्चीवर फेऱ्या, गळ्यात वीणा. एकादशीपर्यंत मागे सात-आठ जण, भाभींचा नातू टाळ घेऊन पुढे.

तासगावचा_बागायतदार
मार्च म्हणजे द्राक्षाचा ऐन हंगाम. माल तयार, व्यापारी फोन उचलेनात, गाड्या नाहीत, तोडणीला माणूस नाही. निम्मा माल रॅकवर टाकून बेदाणा केला. पण सगळ्यांनीच केला, मग दर कुठला? उरलेला टेम्पोत भरून पुण्यात सोसायट्यांच्या गेटवर. आत सोडायचे नाहीत, पेट्या बाहेर मांडायच्या, लोक एकेक करून येणार. पण एक सांगतो, मधला दलाल नाही, रोख पैसे हातात. आयुष्यात पहिल्यांदा माझं द्राक्ष खाणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला. काही जणांचे नंबर अजून आहेत, दर फेब्रुवारीला "आला का माल?" म्हणून फोन येतो. आमचं त्या गेटमुळे थोडं भलंच झालं.

वाईन_नव्हे_देशी
4 मेची दारूच्या दुकानांपुढची रांग कोणी लिहिणार आहे का, की सगळे इथे सोवळ्यातले?

नाना_सातारकर
तू लिही. आम्ही पत्नीच्या शेजारी बसून वाचतोय.

डोंबिवलीची_सिस्टर
ड्यूटी संपली. वसुधाताई, बोलतात हो काकू. मागच्या वर्षी त्यांना ॲडमिट केलं तेव्हा सलाईन मीच लावलं. लिफ्टचा विषय दोघींनीही काढला नाही.

दर्शना_विरार
तासगावकर दादा, बेदाणे मिळतील का आत्ता? विरारला पोचवता का?

तासगावचा_बागायतदार
पोचवतो की. हिरवा पाहिजे का पिवळा? काळा संपला.